हत्तीच्या सांगाड्याची सोंड कुणी नेली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: संग्रहालयात हत्तीचा सांगाडा पाहताना तुमच्या सहा वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘‘बाबा, याची सोंड कुणी नेली?’’ तुम्हाला उत्तर सुचलं नाही. कवटीत मधोमध भलंमोठं भोक, पाय टाचा उंचावून उभे असल्यासारखे, कान गायब. पाटी नसती तर हा हत्ती आहे हे तुम्हालाही कळलं नसतं. त्यावरून तुमची पुढची शंका: हाडं आणि जिवंत जनावर यांत एवढी तफावत असेल, तर डायनासोरची चित्रं कशाच्या भरवशावर काढतात?

पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. त्यातला बराच काळ वर्गात नव्हे, इमारतीमागच्या हौदापाशी गेला. मेलेल्या जनावराचं कातडं आणि मांस काढून हाडं पाण्यात सोडायची, आठवडेच्या आठवडे कुजू द्यायची, मग घासून, चरबी काढून, हायड्रोजन पेरॉक्साइडनं उजळवून तारेनं जोडायची. उन्हाळ्यात काम लवकर होतं, थंडीत रेंगाळतं, आणि घरी गेल्यावर बायको दारातच अंघोळीला पाठवते. हे सांगतोय कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या हौदात आहे. सांगाडा म्हणजे जनावराच्या आतलं जसंच्या तसं बाहेर काढलेलं काही नव्हे. कुजून जे उरलं आणि आम्ही अंदाजानं जे जोडलं, ते तुम्ही काचेआड बघता.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी एक खिल्लार बैल उभा केला. महिनाभर खपलो होतो, त्यामुळे छाती फुगलेली. आमच्याकडे एक वयस्कर परिचर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. आयुष्य गुरांत गेलेला माणूस. त्यांनी सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘‘सर, ह्याच्या पायात काटा मोडलाय का?’’ पुढचे दोन्ही खांदे मी चुकीच्या उंचीवर बसवले होते.

ही चूक होण्याला कारण आहे. गाय, बैल, घोडा, शेळी यांना गळपट्टीचं हाडच नसतं. आपला हात गळपट्टीच्या हाडानं छातीला टेकलेला असतो, पण बैलाचा पुढचा पाय उरलेल्या सांगाड्याला हाडानं कुठेच जोडलेला नसतो. फऱ्याचं ते पातळ तिकोनी हाड बरगड्यांवर नुसतं स्नायूंनी धरलेलं असतं आणि छातीचा सगळा पिंजरा दोन फऱ्यांच्या मधे झोळीसारखा लटकतो. खाटकाला हे शाळेत न जाता ठाऊक असतं. शेळीचा पुढचा पाय तो नुसत्या सुरीनं सोडवतो, मागच्या पायाला मात्र सांधा शोधावा लागतो. शिवाय फऱ्याच्या वरच्या कडेला कूर्चेचा रुंद पट्टा असतो आणि तो हौदात कुजून जातो. म्हणजे जिथून उंची मोजायची ती कडाच नाहीशी झालेली. मी हाडाची कड धरून मोजलं आणि बैलाला लंगडा केला.

मणक्यांचंही तसंच. दोन मणक्यांमधल्या चकत्या हाडाच्या नसतात. त्या गेल्यावर मणके एकमेकांना चिकटवून ओवले तर पाठ आखूड होते. आम्ही मधे रबराच्या चकत्या घालतो, पण जाडी किती ठेवायची हा पुन्हा जोडणाऱ्याचा अंदाज. जुन्या सांगाड्यांत एखादं जनावर कुबड काढून किंवा मान आखडून उभं दिसलं, तर दोष जनावराचा नसून माझ्यासारख्या कुणाचा तरी असण्याची शक्यता मोठी. आणि बारीक हाडं हरवतात ती वेगळीच. गुडघ्याची वाटी, जिभेच्या मुळाचं हाड, खुरांमागचे मणी. मांजरीची गळपट्टीची दोन काडीएवढी हाडं तर मांसात नुसती तरंगत असतात, ती गाळाबरोबर वाहून जातात. वाघालाही अशीच दोन असतात. शिकारीच्या काळात लोक ती ताईत म्हणून जपायचे.

आता त्या खिल्लार बैलाकडेच नीट पाहू, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा आहे. खांदे दुरुस्त करून तो पुन्हा उभा केल्यावर विद्यार्थ्यांनी पहिलं विचारलं, ‘‘सर, वशिंड कुठाय?’’ ज्याच्यावरून आपण देशी बैल लांबून ओळखतो, ज्याच्या पुढ्यात जू टेकतं, ते वशिंड म्हणजे स्नायू आणि चरबी. त्याला आधार देणारं वेगळं हाड नाही. गळ्याखालची पोळी नुसती कातडीची. कान कूर्चेचे. शिंग निम्मं. हे निम्मं शिंग समजून घेण्यासारखं आहे. गाई-म्हशींच्या शिंगात कवटीतूनच निघालेला हाडाचा गाभा असतो आणि त्यावर नखाच्या जातीच्या पदार्थाचं टोपण चढलेलं असतं. हौदात ते टोपण सुटून हातात येतं. गाभा टोपणापेक्षा बराच आखूड असतो, त्यामुळे पंढरपुरी म्हशीच्या तलवारीसारख्या शिंगाच्या जागी कवटीवर एक बोथट खुंटी उरते. मोठ्या जनावरात गाभा पोकळही असतो आणि ती पोकळी कपाळातल्या हवेच्या पोकळीला जोडलेली असते. म्हणून शिंग मुळातून मोडलं की कधीकधी त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं आणि मालक घाबरून फोन करतो की डोक्याला मार लागला.

तर वशिंड नाही, पोळी नाही, कान नाहीत, शिंगं खुंटलेली. दुष्काळातल्या छावणीत हाडं मोजून घ्यावीत असं जनावर बघितलेल्यांना वाटतं की सांगाडा म्हणजे त्याच्या पुढची पायरी. तसं नसतं. कितीही रोडावलेला बैल बैलच दिसतो, कारण त्याचे कान, नाकाड, पापण्या, शेपटीचा गोंडा जागेवर असतात. आपण ओळखतो ते बहुतांशी यांच्यावरून, आणि नेमकं यातलं काहीच हाडाचं नाही.

मग हाडात राहतं काय? इथे मी विद्यार्थ्यांना बैलाशेजारी गव्याचं उदाहरण द्यायचो. राधानगरी-दाजीपूरकडे तुम्ही गवा पाहिला असेल, तर खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत आलेला आणि तिथे एकदम तुटलेला उंचवटा लक्षात असेल. लांबून तोही वशिंडासारखाच वाटतो. पण गव्याच्या सांगाड्यात तो उंचवटा शिल्लक राहतो, कारण पाठीच्या मणक्यांवरचे काटेच तिथे उंच वाढलेले असतात. दोन्ही प्राणी एकाच गोतातले, पाठीवर दोघांनाही उंचवटा, आणि हौदातून बाहेर आल्यावर एकाचा दिसतो, दुसऱ्याचा नाही. उंटाच्या मदारीचंही हाडात काही नसतं. ती सगळी चरबी, खाली पाठीचा कणा साधा. ज्यानं फक्त सांगाडे पाहिलेत त्यानं गव्याची पाठ बरोबर काढली असती आणि उंटाची पार चुकवली असती.

याचं कारण असं की हाड ओझं आणि ओढ यांना उत्तर देत वाढतं. जिथे मोठा स्नायू चिकटतो तिथे हाडावर कंगोरा उठतो, खरखरीत डाग पडतो. जिथून जाड नस जाते तिथे मोठं भोक राहतं. पण नुसती झूल, पिसं, आयाळ, रंग, चरबी यांचा हाडावर ताण पडत नाही, म्हणून त्यांची नोंदही होत नाही. सिंह आणि वाघ घ्या. आयाळ आणि पट्टे काढले तर दोघांचे सांगाडे इतके सारखे की आम्हा लोकांनाही कवटी हातात घ्यावी लागते. खालचा जबडा सपाट टेबलावर ठेवून टिचकी मारायची. सिंहाचा सहसा डुलतो, कारण त्याची खालची कड बाकदार असते. वाघाचा बसून राहतो. जंगलातल्या दोन राजांमधला फरक टेबलावरच्या टिचकीवर येतो. शेळी-मेंढीचं तर विचारूच नका. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात इनामगावला उत्खनन केलं, तशा जुन्या वसाहतींमध्ये जनावरांची हाडं ढिगानं निघतात. अशा हाडांच्या याद्यांत पुष्कळदा ‘शेळी/मेंढी’ असं तिरकी रेघ मारून एकत्रच लिहिलेलं असतं. धनगराचं पोर पन्नास पावलांवरून जे सांगेल, ते हाडाच्या तुकड्यावरून तज्ज्ञाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

पाय हा आणखी एक घोटाळा, पण इथे सांगाडा खरं बोलतो आणि जिवंत जनावर फसवतं. कुत्र्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो असं आपण लहानपणापासून समजतो. तो गुडघा नाहीच, ती टाच. खरा गुडघा वर, पोटाला लागून कातडीत झाकलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला सगळे गुडघा म्हणतात ते मनगट. त्याखालचा सगळा पाय म्हणजे एकाच मधल्या बोटाची हाडं, आणि टाप हे त्या बोटाचं नख. गाय-म्हैस दोन बोटांवर उभी. घरी पडताळा घ्यायचा तर कोंबडीची तंगडी घ्या. आपण हातात धरून खातो ती तंगडी म्हणजे नडगी. तिला बाजूनं सुईसारखं एक बारीक हाड चिकटलेलं असतं, दातात अडकतं तेच. तिच्या वरच्या टोकाला गुडघा, खालच्या टोकाला घोटा, आणि दुकानदार तोडून बाजूला टाकतो तो खवलेवाला भाग म्हणजे पाऊल. जिवंत कोंबडीचा गुडघा पिसांत दडलेला असतो, म्हणून ती ‘उलट्या गुडघ्याची’ वाटते.

पिसं सगळ्यांत जास्त फसवतात. गव्हाणी घुबड पाहिलंय ना, बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड आणि मान अशी नाहीच? त्याचा सांगाडा पहिल्यांदा बघणारा दचकतो. लांबट, किडकिडी, उंच पायांची, 14 मणक्यांच्या मानेची आकृती. आपल्या मानेत 7, जिराफाच्याही 7. घुबडाचं ते गोल तोंड म्हणजे आवाज गोळा करणारी पिसांची थाळी, तिच्याखालची कवटी अगदी अरुंद. मोराचं आणखी गमतीचं. पिसारा म्हणजे शेपूट अशी आपली समजूत, पण ती पिसं शेपटीच्या वरच्या अंगाची आहेत, खरं शेपूट पिसाऱ्यामागे टेकूसारखं उभं राहतं, आणि सांगाड्यात या सगळ्या थाटाच्या जागी अंगठ्याएवढं एक हाड असतं.

अपवादही सांगून टाकतो. कासवाची पाठ म्हणजे बरगड्या आणि कणा पसरून झालेली, त्यामुळे त्याचा सांगाडा आणि कासव यांत बाहेरून फारसा फरक दिसत नाही. नागाची फणाही बरीचशी हाडात सापडते, कारण ती मानेजवळच्या लांब बरगड्या फाकवून उभी राहते. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या पंखात चार किंवा पाच बोटं निघतात, पण शेपटीचे दोन रुंद पंख आणि पाठीवरचा पंख यांत एकही हाड नाही. किनाऱ्यावर कुजलेला देवमासा सापडला की ‘विचित्र प्राणी’ म्हणून जे फोटो फिरतात, त्यांचं बरंचसं मूळ यात आहे. जिवंतपणी पाहिलेला आकार मऊ भागांचा होता, आणि तोच आधी झडला.

आता हत्ती. त्याच्या कवटीतलं मधलं भोक डोळ्याचं नाही, नाकाचं आहे. डोळ्यांच्या खोबणी बाजूला आहेत आणि त्या मागच्या बाजूनं हाडानं बंद नसल्यामुळे पटकन खोबणी वाटत नाहीत. तुमच्या मुलीसारखाच घोळ मोठ्या माणसांचाही झाला असावा. भूमध्य समुद्रातल्या सिसिलीसारख्या बेटांवर पूर्वी बुटके हत्ती होते. त्यांच्या कवट्या पाहून ग्रीकांना एकाक्ष राक्षस सुचला असेल, असं ऑस्ट्रियाचे पुराजीवशास्त्रज्ञ ओथेनियो आबेल यांनी 1914 साली मांडलं. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण त्या कवटीसमोर उभं राहिलं की तो तर्क सुचणं साहजिक वाटतं. भोकावरचं ते मोठं कपाळ भरीव नसतं. आत मधाच्या पोळ्यासारख्या हवेच्या पोकळ्या असतात, मेंदू पार मागे. ‘हत्तीएवढं डोकं’ हलकं ठेवण्याची ती युक्ती, आणि भल्या मोठ्या स्नायूंना चिकटायला जागाही मिळते. पाय टाचा उंचावल्यासारखे दिसले, तेही तुम्ही बरोबर पाहिलंत. हत्ती खरोखर बोटांच्या टोकांवर उभा असतो. टाचेखाली चरबी आणि तंतूंची जाड गादी असते, तिच्यामुळे पाय खांबासारखा गोल दिसतो. गादी कुजली की उंच टाचेचे बूट काढून घेतलेली बाई उरते.

सोंडेत मात्र हाड नाहीच. ती सगळी स्नायूंची. पण ती हाडावर खुणा सोडून जाते, आणि इथेच तुमच्या डायनासोरच्या शंकेचं उत्तर सुरू होतं. नाकाचं भोक इतकं मोठं आणि इतक्या वर, नाकाची हाडं अगदी आखूड, भोवती स्नायू चिकटण्याच्या खरखरीत जागा. हत्ती कधी न पाहिलेला पण हाडं वाचता येणारा माणूस म्हणेल की इथे काहीतरी मोठं आणि ताकदवान लटकत होतं. टापिर नावाच्या प्राण्याची सोंड छोटी, आणि त्याच्याही कवटीत नाकाचं भोक असंच मागे सरकलेलं आहे, हा ताळा त्याला मिळेल. सोंड किती लांब होती, टोकाशी एक बोट होतं की दोन, हे मात्र तो सांगू शकणार नाही. आणि कान? सुपाएवढे कान होते हे त्याच्या डोक्यातही येणार नाही.

डायनासोरची चित्रं याच पद्धतीनं, याच मर्यादांसकट काढतात. स्नायूंच्या खुणा वाचायच्या, मग जिवंत नातलग बघायचे. त्यांचे सगळ्यांत जवळचे जिवंत नातलग एका बाजूला मगरी आणि दुसऱ्या बाजूला पक्षी. जी गोष्ट दोघांतही आहे ती डायनासोरमध्ये असण्याची शक्यता दांडगी. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला एका महाकाय शाकाहारी डायनासोरचा सांगाडा निघाला. 1997 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि 2003 साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळालं. त्या सांगाड्याबरोबर कवटी नव्हती. म्हणजे इसिसॉरसच्या कुठल्याही चित्रातलं डोकं नातलगांवरून उसनं घेतलेलं आहे. पुढचे लांब पाय हाडांवरून, त्यामुळे खात्रीचे. रंग चित्रकाराच्या मर्जीचा.

चुका व्हायच्याच. इग्वानोडॉन या डायनासोरचं एक टोकदार हाड इंग्लंडमध्ये सुरुवातीला नाकावरचं शिंग म्हणून बसवलं गेलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेतल्या 1854 च्या पुतळ्यावर ते अजून तसंच आहे. 1878 मध्ये बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत पूर्ण सांगाडे सापडले, तेव्हा कळलं की तो हाताचा अंगठा. माझ्या बैलाच्या खांद्यांचं मला त्यानंतर फारसं वाईट वाटेनासं झालं.

चित्रकारांचा दुसरा दोष जास्त टिकाऊ आहे. हाडांवर कातडं ताणून बसवायचं आणि जनावर झालं असं समजायचं. याच रीतीनं खिल्लार काढला तर वशिंड-पोळी नसलेलं, आखूड शिंगांचं, बिनकानाचं काहीतरी तयार होईल. अलीकडे हे सुधारतंय, कारण क्वचित मऊ भागांचेही ठसे दगडात मिळतात. 1996 साली चीनमधून जाहीर झालेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनासोरच्या अंगावर पिसांसारखे तंतू होते. 2010 मध्ये त्या तंतूंतल्या रंगकणांवरून त्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे असावेत असा निष्कर्ष निघाला. 2013 साली एडमोंटोसॉरस या डायनासोरच्या डोक्यावर मांसल तुरा असल्याचा ठसा जाहीर झाला, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, ज्याची कवटीवर काही खूण नव्हती. आपल्या कोंबड्याचंही तसंच आहे. नुसत्या कवटीवरून त्याचा लालभडक तुरा कुणीही ओळखला नसता.

एक व्यवहाराची गोष्ट मधेच. मुलीला गोडी लागली म्हणून जंगलातून हाडं उचलून आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येणाऱ्या प्राण्यांची हाडं परवानगीशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे. कोंबडी, मासा, बोकडाचं मुंडकं यांवर भरपूर शिकता येतं. बोकडाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात दिसले नाहीत तर ‘पडले’ म्हणू नका. शेळीला, गाईला, म्हशीला ते नसतातच, तिथे कडक हिरडी असते आणि खाली आठ दात.

मुलीला काय सांगायचं? तिला म्हणा, स्वतःच्या नाकाचं टोक धरून हलव. हलतं ना? आता डोळ्यांच्या मधला भाग हलवून बघ. तो हलत नाही. हलतं तेवढं नाक हाडाचं नाही, म्हणून माणसाच्या कवटीतही नाकाच्या जागी भोकच दिसतं. हत्तीचं अख्खं नाकच हलणारं. मग तिला पुन्हा संग्रहालयात न्या आणि हत्तीच्या कवटीवर, डोळ्याच्या खोबणीच्या किंचित पुढे आणि खाली, दोन्ही बाजूंना एकेक मोठं भोक शोधायला लावा. मधल्या भोकापुढे ते कुणाच्या लक्षात येत नाही. सोंडेकडे जाणारी जाडजूड नस तिथून बाहेर पडायची.